पासिंगचा सेट

हुमनाबाद
६ जुलै २०२५

मारोती,

पत्र लिहायची सवय मोडून जमाना झाला, पण तू माझा फोन उचलत नाहीस. तुझ्या मैत्रेयीनं एकदा उचलला आणि "बाबा झोपलेत" म्हणाली. सकाळी अकरा वाजता तू झोपणारा माणूस नव्हेस, बावीस वर्षं दुकानात तुला बघतोय. म्हणून लेकीच्या पत्त्यावर उदगीरला हे धाडतोय. फाडलंस तरी हरकत नाही, पण आधी वाच.

इथं लोकांनी जे चालवलंय ते बघून मला शिसारी आली आहे. तुझ्या बुद्धरत्नची गाडी निर्णा फाट्याच्या पुढं ज्या उतारावर घसरली, तिथं आता लिंबं पडायला लागलीत. नारळाच्या करवंट्या, कुंकू, एका झुडपाला बांधलेली हिरवी चोळी. गंगव्वाला त्या जागेनं ओढून नेलं म्हणे. ती म्हातारी डोळे दाखवायला बीदरला निघाली होती, एवढंच. तिच्या सुना माझ्या दुकानासमोरून रडत गेल्या तेव्हा मी हवेचा पाइप हातात धरून नुसता उभा होतो.

त्याहून घाण म्हणजे अमृतप्पाचा सत्कार. त्याची जीप त्याच पाण्यातून दहा मिनिटं आधी गेली, त्याच वेगात, आणि काही झालं नाही. काल चहाच्या टपरीवर त्याला पेढा भरवला. एक जण म्हणाला, "आप्पाचं पुण्य हाय ओ, म्हून चाक टिकलं." अमृतप्पा बिचारा मान खाली घालून म्हणाला, "पुण्य कशाचं, साठच्या स्पीडला व्हतो, गाडीत खताची पोती व्हती." कुणी ऐकलं नाही. पेढ्याचा कागद तिथंच टाकून लोक पांगले.

तुला हे सांगायची गरज नाही, मला टायर वाचायला तूच शिकवलंस. पण दिवसभर तोंडापर्यंत येतं नि मी गिळतो, म्हणून इथं लिहितो. चाकाला रस्त्यावरचं पाणी बाजूला सारावं लागतं. टायरच्या खाचा शोभेला नसतात, पाणी त्यांतून मागं-बाजूला निघून जातं आणि रबर डांबराला टेकतं. खाचा झिजल्या की पाण्याला वाट राहत नाही. सावकाश चाललात तर ते कसंबसं सरकतं. वेग वाढला की त्याला वेळ मिळत नाही, ते चाकापुढं साचतं आणि शेवटी चाकालाच वर उचलतं. मग स्टेअरिंग हलकं पडतं आणि गाडी आपली राहत नाही.

अमृतप्पाच्या जीपचे टायर अरुंद, खाचा खोल, हवा पुरी, वर खताचं वजन. असा टायर पाणी कापत जातो. आणि आमच्या श्रीमंत दाजींची गाडी, जी बुद्धरत्न चालवत होता? दाजींनी हौसेनं कंपनीपेक्षा रुंद टायर चढवलेले. रुंद टायरला जास्त पाणी ढकलावं लागतं. त्यात ते टकले. तू काडेपेटीतली काडी खाचेत घालून बघायचास, गूल बुडाला तर टायर, नाहीतर नुसतं रबर. त्यांच्यात गूल सोड, नख बुडत नव्हतं. पॅसेंजरला गचके बसू नयेत म्हणून हवा कमी ठेवायची, हा दाजींचा हुकूम. कमी हवेचा टायर मधोमध आत दबतो आणि पोटाखाली पाणी धरून ठेवतो. गाडीत पुढं बुद्धरत्न, मागं म्हातारी, बाकी सगळी रिकामी. एकाच पाण्यात एक गाडी तरली, एक गेली, आणि लोकांना त्यात जागेचा कोप दिसतो.

ब्रेकची खूण नाही म्हणून पोरगं झोपलं होतं, असंही पोलिसांनी लिहिलंय म्हणतात. पाण्यावर तरंगणाऱ्या चाकाची खूण रस्त्यावर कशी उठणार? आणि त्यानं ब्रेक मारला नाही हे बरोबरच केलं. पाय उचलायचा आणि स्टेअरिंग सरळ धरायचं, हे त्याला दुकानासमोरच्या रिकाम्या प्लॉटवर तूच शिकवलंस.

टायर टकले का होते ते पोलीस बघून घेतील. माझा त्यात संबंध नाही. पण तू न सांगता-सवरता दुकान सोडून गेलास, हे मला लागलं. तुझा जॅक, टायर उचकटायची तुझी टॉमी अजून खुंटीला आहे.

तुझा,
शिवशंकर


हुमनाबाद
१७ जुलै २०२५

मारोती,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

काल दाजी दुकानात आले होते. माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, त्यात लग्नापासून हात जोडून उभं राहायची आम्हाला लागलेली सवय, म्हणून खुर्ची पुसून दिली. आता त्या सवयीचीही घाण वाटते. पांढरा शर्ट, कपाळाला ताजं गंध. गंगव्वाच्या घरी भेटून आले होते. तिथं रडलेसुद्धा म्हणे.

बसल्या बसल्या मोबाइल काढला. "हे बघ. जूनच्या सोळाला गाडी पासिंग झाली, हे आरटीओच्या साहेबांनी काढलेले फोटो. टायर बघ कसे हायत, नवेकोरे. मी नवे बसवून दिल्ते. ड्रायवरनं इकून खाल्ले आनि माझेच जुने परत चढवले."

मी म्हणालो, "बुद्धरत्ननं?"

"मग काय मी? त्याचा बाप तुझ्या दुकानात. बापलेकांना काय अवघड हाय? तू साधा मानूस, तुला पत्ता लागू दिला न्हाई."

मारोती, मी त्यांना काय म्हणालो असेन असं तुला वाटतं? मी चहा मागवला.

त्यांनी ठाण्यात तसं लिहून दिलंय. आता पोरावर नुसता हयगयीचा गुन्हा नाही, चोरीचंही कलम चढलंय, आणि त्यापायी जामीन अडकलाय. हात प्लास्टरमध्ये असलेलं पोरगं आत बसलंय, आणि विम्याची माणसं येणार म्हणून दाजी नवे कपडे शिवून फिरतात. गावात दोन दिवसांत सगळ्यांना पटलंसुद्धा. ज्यांनी जागेला लिंबं वाहिली तेच आता म्हणतात, पोरगं चोरच होतं. लिंबं मात्र कुणी उचलली नाहीत, सडून माशा बसल्यात. तुमच्या वस्तीचं नाव घेऊन जे जे बोलले ते मी कागदावर उतरवणार नाही. तू जन्मभर ऐकलं आहेस. मी शेजारी बसून ऐकलं, आणि ऐकून घेणाऱ्याचं तोंडही बोलणाऱ्याइतकंच घाण होतं, हे मला या वयात कळलं.

फोटो मी नीट पाहिला नाही. चष्मा घरी राहिला होता.

शिवशंकर


हुमनाबाद
३० जुलै २०२५

मारोती,

चष्मा माझ्या कपाळावर होता.

काल पंचमी झाली. थोरली राजूअक्का दरवर्षीसारखी माहेरी आली, झोका बांधला, पुरणाचे कडबू केले. गल्लीतल्या लेकी झोके घेत होत्या आणि अक्का माझ्या ताटात तूप वाढत म्हणाली, "शंकर, तू ठाण्यात एकदा न्हाई म्हनलास, आता तेच धरून बस. गाडीवाल्याला काय व्हनार न्हाई. त्या पोराला पन चार-सहा म्हैने. त्याहून काय फाशी हाय?"

मी म्हणालो, "अक्का, तुला कुनी सांगितलं मी न्हाई म्हनलो ते?"

"ह्यांनी. मोठा भाऊ शोभलास म्हनले."

वास्तविक मी धाकटा. पण त्या एका वाक्यावर मी ताट पुढं सारलं. उठून परसात गेलो आणि तोंडातला घास थुंकला. अक्काला वाटलं तूप जुनं होतं. मी हात धुऊन परत येऊन बसलो नाही, तेव्हा तिला कळलं. ती म्हणाली, "तू तोंड उघडलंस तर मी पुन्हा ह्या उंबऱ्याला यायची न्हाई." तीन वाजताच्या बसनं गेली. झोका अजून कडुलिंबाला तसाच आहे.

आता नीट लिहितो. तुला माहीत असलेलंच लिहितो, कारण मी ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आपल्या दुकानात मागच्या पत्र्याखाली ताडपत्री झाकून चार चांगले टायर असतात. कंपनीच्या मापाचे, खाचा भरलेल्या. कुणाच्या गाडीचं पासिंग असलं आणि टायर टकले असले, की ते चार चढवायचे, गाडी पासिंगला जाऊन यायची, आणि संध्याकाळी ते उतरवून पुन्हा टकले चढवायचे. साहेब टायर बघतात तेव्हा टायर चांगलेच असतात. त्यांनी काय करावं? दुसऱ्या दिवशी गाडी कशावर पळते ते त्यांना दिसत नाही. या रस्त्यावरचे सगळे दुकानदार हे करतात असं मी स्वतःला सांगत आलो. सगळे करतात की नाही, मला माहीत नाही. मी करतो.

तुला तो सेट कधीच आवडला नाही. गिऱ्हाईकाबरोबर एखादा टायर चुकून जाऊ नये म्हणून तू त्यांच्यावर पांढऱ्या रंगानं आकडे घातलेस. १, २, ३, ४. खटकचिंचोळीच्या मराठी शाळेत गुरुजींनी घोटवून घेतलेले, तुझा तीन पोटाशी जरा जास्तच वाकतो. दाजींनी दाखवलेल्या फोटोत पुढच्या डाव्या चाकावर, रिमच्या जरा वर, तो तीन आहे. कुठल्या कंपनीच्या नव्या टायरवर मारोतीच्या हातचा मराठी तीन असतो? मी तो बघितला, चष्मा कपाळावर ढकलला आणि चहा मागवला.

सोळा जूनच्या संध्याकाळी गाडी पासिंग होऊन आली तेव्हा आभाळ भरून आलं होतं. तू टॉमी हातात घेऊन माझ्याकडे आलास. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चारचौघांत तू मला मालक म्हणतोस आणि शटर ओढलं की शंकऱ्या. त्या दिवशी शटर उघडं असूनही तू शंकऱ्याच म्हणालास.

"शंकऱ्या, पावसाचे दिस हायत. दोन-चार दिस राहू दे की सेट गाडीला. पोरगं चालवायलंय."

आणि मी म्हणालो, "सेट म्हंजी काय सोयरा हाय व्हय, मुक्कामाला ठिवायला? सकाळी दुसरी गाडी पासिंगला जायलीय."

मला वाटलं मी फार चांगला विनोद केला. तू हसलाही नाहीस. खाली बसलास आणि चारही टकले टायर स्वतःच्या हातानं स्वतःच्या पोराच्या गाडीला चढवलेस. प्रत्येक नट दोनदा आवळलास. हवा दाजींनी सांगितली त्याहून जास्त भरलीस, ती मी कमी करायला लावली. तेरा दिवसांनी गंगव्वा गेली.

आता ठाण्यातलं. तू तिथं खरं सांगून बसला होतास, सेट दुकानात हाय, मालकाला इचारा. म्हणून त्यांनी मला बोलावलं. साहेबांनी कानडीत विचारलं, पासिंगसाठी वेगळे टायर ठेवता का? तू दाराजवळ उभा होतास, टोपी हातात. मी म्हणालो, "इल्ला सर." मराठीत नाही म्हणायचं असतं तर तुझ्याकडे बघावं लागलं असतं. साहेबांनी तुझ्याकडे असं बघितलं, की जणू पोराला वाचवायला बाप कायपण बोलतो.  टोपी घातलीस आणि बाहेर गेलास. दुसऱ्या दिवशी दुकानात आला नाहीस, आणि पहिल्या पत्रात मी तुलाच विचारतो की न सांगता का गेलास. ते पत्र आठवलं की माझ्याच हाताची मला किळस येते.

का म्हणालो, तेही लिहितो. दुकान बंद होईल म्हणून. अक्काचा संसार आणि दाजींचा दरारा ही नंतर शोधलेली कारणं आहेत. आधी मला माझं शटर दिसलं.

लोकांची, दाजींची, त्या सडक्या लिंबांची घाण वाटते असं मी तुला दोन पत्रं लिहीत होतो. वास दुकानातूनच येत होता. सेट अजून पत्र्याखाली आहे. ठाण्यातून आल्यावर मी ते आकडे रॉकेलनं पुसायला बसलो होतो. एक आणि दोन पुसून झाले. तीनवर फडकं ठेवलं आणि हात चालेना. तीन आणि चार तसेच आहेत.

शिवशंकर


हुमनाबाद
६ ऑगस्ट २०२५

मारोती,

सोमवारी टेम्पोत चार टायर घातले, वर ताडपत्री टाकली नाही, आणि भर बाजारातून ठाण्यात नेले. दाजी पान खात उभे होते. त्यांनी टेम्पो बघितला, मग टायर, मग मला. "शंकर, काय करायलास?" म्हणाले. मी थांबलो नाही.

साहेबांना टायर दाखवले. फोटो मोठा करून तीन दाखवला, त्याच्याशेजारी टेम्पोतला तीन ठेवला. ते बराच वेळ एकदा इकडं, एकदा तिकडं बघत राहिले. मग मी काडेपेटी मागून घेतली आणि काडी खाचेत घालून दाखवली. गूल बुडाला. अपघातातली गाडी ठाण्याच्या आवारातच उभी आहे, तिच्याकडे नेऊन तिथंही काडी घातली. काडी आडवी पडली. रुंद टायर, कमी हवा, रिकामी गाडी, सगळं सांगितलं. ब्रेकची खूण का नाही तेही सांगितलं. साहेबांनी ते लिहून घेतलं. पेढे भरवणाऱ्यांपेक्षा ते शांतपणे ऐकतात.

दोन आकडे का पुसलेत, असंही त्यांनी विचारलं. मी पुसले म्हणालो. तेही लिहिलं.

मग त्यांनी विचारलं, टकले टायर परत कुणी चढवले? मी म्हणालो, माझ्या दुकानात, माझ्या सांगण्यावरून. ते म्हणाले, पण आधीच्या जबाबात वेगळं आहे. आणि तुझा जबाब काढून वाचून दाखवला. तुझं मराठी बोलणं त्यांनी कानडीत उतरवलेलं, तरी मला ते तुझ्याच आवाजात ऐकू आलं.

"सेट दुकानचा आहे. चारही टायर मीच काढले आणि मीच चढवले. मालक त्या दिवशी दुकानात नव्हते. त्यांना त्या अदलाबदलीचं काही माहीत नाही."

मारोती, मला इल्ला म्हणायला बोलावलं त्याच्या अर्धा तास आधी तू हे लिहून दिलं होतंस. पोरगं आत, आणि तू मला बाहेर ठेवत होतास. मी आलो आणि तू ज्याच्यासाठी खोटं बोललास त्यानंच तुला खोटं पाडलं. साहेब विचारत होते, यातलं खरं कुठलं? मी कागदावरची तुझी सही बघत राहिलो. त्यांना वाटलं मी घाबरलो. पाण्याचा ग्लास पुढं केला. मी तो हातात धरून बसलो.

वकील म्हणतात चोरीचं कलम टिकत नाही, या आठवड्यात जामीन होईल. माझ्यावर काय लागेल ते नंतर कळेल. दुकानाला कुलूप आहे, किल्ली ठाण्यात दिली आहे. तुझा जॅक आणि टॉमी मी आधीच काढून घरी आणून ठेवलीत. गंगव्वाच्या घरी गेलो होतो. तिच्या थोरल्या सुनेनं सगळं ऐकून घेतलं आणि आत जाऊन दार लावलं. तिचं बरोबर आहे.

तू बरोबर घेतलंस तर बुद्धरत्नला आणायला जाताना मी तुझ्याबरोबर येईन. नाही म्हणालास तर तुरुंगाच्या फाटकापासून लांब उभा राहीन.

जबाबातलं तुझं एक वाक्य खोडा, असं मी म्हणालो. साहेब म्हणाले, दुसऱ्याचा जबाब खोडता येत नाही, तुमचा वेगळा लिहा. म्हणून वेगळा लिहिला. त्या दिवशी मालक दुकानात होते. मारोती सेट राहू दे म्हणत होता तेव्हा मालक समोर स्टुलावर बसून चहा पीत होते, आणि ते हसले. खाली सही केली.

शिवशंकर